लष्कराची घडी आणि घाटाखालचा शिपाई



वसंतातल्या संध्याकाळी लोकांना रसाळ काही ऐकावेसे वाटते, आणि आम्ही तर लष्कराचा जमाखर्च घेऊन उभे राहिलो आहोत. लढाईची गोष्ट सर्वांना आवडते, तिचा हिशेब फारसा कोणाला आवडत नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी काय घडले हे आपल्याकडचे शेंबडे पोरही हातवारे करून सांगेल. पण त्या दिवशी जावळीच्या रानात जे मावळे दबा धरून बसले होते त्यांना दाणागोटा कोण पुरवीत होते, त्यांचा मुशाहिरा कोणाच्या हातून येत होता आणि तो न आला तर त्यांनी काय केले असते, हे विचारले तर मोठे मोठे पाठकही घुटमळतात. आज आम्ही त्याच प्रश्नांच्या वाटेने जाणार आहोत. लढाई एका दिवसात संपते. तिच्यामागची व्यवस्था बदलली म्हणजे मात्र तिचे परिणाम घरोघरच्या चुलीपर्यंत पोहोचतात, आणि या मुलखात ते पोहोचलेले आहेत.

मुलूख कसा आहे ते आपणांस सांगण्याची गरज नाही. पोलादपूर सोडले की रस्ता आंबेनळीच्या वळणांना लागतो. एका अंगाला कडा, एका अंगाला खोल दरी. खाली सावित्रीचे खोरे, वर वाडा-कुंभरोशी आणि प्रतापगड, आणि पुढे महाबळेश्वर. खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरी. पाऊस उदंड, पण तो कडे धुऊन समुद्राला जातो. चार महिने राबावे आणि उरलेल्या आठ महिन्यांची चिंता करावी, ही इथल्या कुणब्याची, मराठ्याची, महाराची पिढीजात कथा. म्हणून इथला माणूस बाहेर पडला. काही मुंबईच्या गिरणीत गेले, काही पलटणीत गेले. गिरण्या गेल्या. पलटण राहिली आहे, पण तिच्या दाराची उघडझाप कशी होत आली, हा आजचा विषय.

जावळीपासूनच सुरुवात करू. मोरे घराणे विजापूरच्या आदिलशाहीचे मांडलिक, चंद्रराव हा त्यांचा किताब. त्यांचे बळ दोन गोष्टींत होते. पहिली गोष्ट हे रान, आणि दुसरी, या रानातला माणूस. तो माणूस देशमुखाच्या हातची भाकरी खात असे, म्हणून देशमुख सांगेल तिकडे तलवार घेऊन जात असे. देशमुखाने बाजू बदलली की शेकडो माणसांची बाजू आपोआप बदलली. त्या काळची फौज ही अशी गाठोड्यांची बनलेली असे. गाठोडे कोणाच्या खांद्यावर आहे यावर सारे अवलंबून. १६५६ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, त्याच वर्षी रायरी हाती आली, आणि मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड उभा राहिला. इतिहासकार म्हणतात, या विजयाने कोकण आणि घाटमाथा यांच्यामधली वाट मोकळी झाली. ते खरेच आहे. आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट अशी की, चंद्ररावाचा माणूस हळूहळू राज्याचा माणूस झाला. हे तलवारीने होत नाही, पगाराने होते.

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीस बसून जी बखर लिहिली तिच्यात या पगाराची आणि रचनेची हकीकत आहे. बखरकार म्हणून सभासद काही ठिकाणी अतिशयोक्ती करतो. पण कारभाराचा भाग लिहिताना त्याची लेखणी कारकुनाची होते, आणि तेथे त्याच्यावर विश्वास ठेवावा असे आम्हांस वाटते. पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. हा पखालजी आणि हा नालबंद आम्हांला फार बोलका वाटतो. लढणारा माणूस मोजताना त्याच्या घोड्याला पाणी कोण पाजणार आणि नाल कोण ठोकणार हेही त्याच ओळीत मोजले आहे. पागेच्या जुमलेदाराला सालीना पाचशे होन, हजाऱ्याला हजार होन, अशा नेमणुका ठरलेल्या. बारगिराचा घोडा सरकारचा. शिलेदार स्वतःचा घोडा आणतो, पण त्याला पागेच्या हुकमतीखाली ठेवायचे. मुशाहिरा रोख, किंवा सरकारी वसुलावर वरात. गावच्या गाव तोडून द्यायचे नाही, कारण गाव हातात आले की त्याच्याभोवती कूस बांधण्याची बुद्धी माणसाला होते. जुन्या देशमुखी सर्वस्वी मोडल्या असे नव्हे. त्या राहिल्या, पण शिपायाची भाकरी त्यांच्या हातून निघाली.

आणि छावणीचा हिशेब! पावसाळ्याचे चार महिने फौज छावणीत, दसऱ्याला कूच. निघण्यापूर्वी प्रत्येक लहानथोराच्या चीजवस्तेची यादी करायची. आठ महिने मुलूखगिरी करून वैशाखात फौज परत आली की त्या यादीशी झाडा ताडून पाहायचा. जास्त निघाले ते सरकारजमा, किंवा त्याची किंमत पगारातून वळती. आज कचेरीत वर्षाकाठी साठामोजणीला लोक कुरकुरतात. त्या बिचाऱ्यांना या सरहद्दीवरच्या झडतीची कल्पना नाही. लूट ही त्या काळी सर्व फौजांची रीतच होती. तिची खतावणी ठेवणे ही नवी रीत होती.

गडाची व्यवस्था पाहा. हवालदार, सबनीस आणि सरनोबत, तिघे एका गडावर. किल्ल्या, दप्तर आणि माणसे असे तिघांच्या हाती काम वाटलेले, आणि धान्य व दारूगोळ्याच्या कोठाराला निराळा कारखानीस. एकट्याने गड विकता येऊ नये अशी ही गुंफण आहे. तिघेही निरनिराळ्या जातींचे असावेत असाही दंडक होता. गडाखाली घेऱ्यात, मेटामेटांवर रात्रीचा पहारा करीत असत ते रामोशी, बेरड, महार. त्यांची नावे बखरीत येत नाहीत. गड त्यांच्या जागरणावर झोपत असे.

या साऱ्याचा कळस आम्हांस एका पत्रात दिसतो. राज्याभिषेकाआधीच्या एका उन्हाळ्यातले ते पत्र चिपळुणाजवळ दळवटणे येथे छावणी केलेल्या जुमलेदार-हवालदारांना आणि कारकुनांना लिहिलेले आहे. तलवारीचे नाव त्यात जवळजवळ नाही. विषय काय, तर गवत. पागेला पावसाळा काढायचा आहे. कष्टाने दाणा, वैरण जमा करून दिली आहे. ती बेताने वापरा. आत्ताच मनास येईल तशी उधळली तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्याच्या दारात जाल, कोणी त्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूड; आणि त्या रयतेला वाटेल की याहून मोगल परवडला. पुढे तर गवताच्या गंजीला आग लागू नये म्हणून चुली कोठे पेटवाव्या, तंबाखू कोठे ओढावी, आणि उंदराने दिव्याची जळती वात पळवली तर काय अनर्थ होईल, इथपर्यंत सूचना आहेत. साधनसामग्रीचा कारभार यावर आज जाडजूड ग्रंथ निघतात. आम्ही त्यांतले काही चाळले आहेत. उंदीर त्यांच्यात आढळला नाही.

ही घडी किती टिकली? फार नाही. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगडाला वेढा पडला, आणि एप्रिलात राजाराम महाराज गडावरून निसटून प्रतापगडी आले. म्हणजे ज्या खोऱ्यात ही व्यवस्था रुजली त्याच खोऱ्यातून तिचा वारस जीव मुठीत धरून गेला. त्याच वर्षी रायगड पडला. खजिना गेला, आणि रोख पगाराची पद्धत ही खजिन्यावरच उभी असते. औरंगजेब एकेका सरदाराला वतनाचे, मनसबीचे आमिष दाखवीत होता. जिंजीस बसलेल्या दरबारापाशी पैसा नव्हता, फक्त कागद आणि शिक्का होता. मग जो मुलूख सोडवाल तो तुमच्या फौजेच्या खर्चाला, अशी सरंजामे लिहून दिली जाऊ लागली. यावर पुष्कळ इतिहासकारांनी राजारामांना दोष दिला आहे. तो दोष आम्हांस मान्य नाही. घर जळत असताना पाणी कोणाच्या विहिरीचे हे कोणी पाहत नाही, आणि त्या सनदांनीच राज्य वाचवले. पण आणीबाणीसाठी केलेली सोय आणीबाणी सरल्यावर परत घेता आली नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे आज्ञापत्रात वतनदारांना लहान लहान राजेच म्हटले आहे. ज्याने स्वतः तो काळ निभावून नेला त्याचा तो अनुभव होता. अठराव्या शतकातले शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांची दौलत या सरंजामातून वाढली. गाठोडी परत आली होती, फक्त फार मोठी होऊन.

आता दुसऱ्या बदलाकडे येऊ. तो आपल्या अधिक जवळचा, आणि त्याची जखम अधिक ओली आहे.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत कोकणातली माणसे प्रथमपासून होती, आणि त्यांत महार मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईच्या स्तंभावर ज्यांच्या नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे अशी नावे त्याची साक्ष देतात. त्या फौजेत शिपायाला पगार मिळे, हुद्दा मिळे, पेन्शन मिळे. आणि एक गोष्ट मिळे जी गावात कोणत्याही मोलाने मिळत नव्हती. ती म्हणजे शाळा. पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवीत. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे रामजी सकपाळ अशा लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होऊन सुभेदार पदाने निवृत्त झाले. त्यांचे पुत्र डॉ. आंबेडकर. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून १८८६ मध्ये निवृत्त झाले. दापोलीचा कॅम्प तर पेन्शनरांची वस्तीच होता. गावात ज्याची सावली चालत नव्हती त्याच्या घरी दरमहा सरकारी पैसा येई, भिंतीवर पदक टांगलेले असे आणि कोनाड्यात पुस्तक असे. एका पिढीत एवढे घडले होते.

आणि मग १८९२-९३ मध्ये कलम फिरले. हिंदुस्थानच्या फौजेची पुनर्रचना चालू होती. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स आणि त्यांच्या मताचे अधिकारी यांची नजर वायव्य सरहद्दीवर आणि तिच्यापलीकडच्या रशियावर होती. त्यांचा सिद्धांत असा की काही जाती जन्मतः लढवय्या आणि काही नव्हेत. पंजाबी, पठाण, गुरखा हे पहिल्या वर्गातले, आणि मुंबई-मद्रासकडच्या पुष्कळ जाती दुसऱ्या. शिवाय पलटणी आणि कंपन्या जातवार बांधायच्या ठरल्या. तसे ठरल्यावर ज्यांच्याबरोबर इतरांना एका रांगेत बसायचे नव्हते त्यांना वगळणे ही कागदावरची सर्वांत सोपी सुधारणा ठरली. महारांची भरती बंद झाली. १८९५ मध्ये तिन्ही इलाख्यांच्या फौजा मोडून एक फौज झाली. पाठ्यपुस्तकात ते वर्ष सापडते. त्याच्या दोनतीन वर्षे आधीचा तो हुकूम सहसा सापडत नाही.

या हुकमात कोणाला शिक्षा झाली नाही, कोणाचे पेन्शन थांबले नाही. म्हणूनच त्याचा घाव लगेच दिसला नाही. म्हातारे सुभेदार, हवालदार आपापली पेन्शने घेत राहिले. मात्र त्यांच्या मुलांसाठी दार उघडणार नव्हते. पुढच्या वीसपंचवीस वर्षांत एकेक पेन्शनर मिटत गेला, त्याच्याबरोबर मनीऑर्डर मिटली, आणि पलटणीची शाळा तर केव्हाच बंद झाली होती. फौजेच्या दृष्टीने ही मनुष्यबळाची पुनर्वाटणी होती. रावढळ, दासगाव, आंबडवे यांच्या दृष्टीने एक जिना काढून घेतला गेला होता.

वलंगकरांनी १८९४ मध्ये या अन्यायावर विनंतीपत्र तयार केले. आमच्या पूर्वजांनी गड राखले, तुमच्या पलटणींत रक्त सांडले, मग आता आम्ही नालायक कसे, असा त्याचा सूर आहे. अर्जाची भाषा नम्र, पण तर्क कडक. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनीही तोच प्रश्न अर्जामागून अर्ज करून लावून धरला. सरकारला उत्तर सुचले ते महायुद्धात. माणसे कमी पडू लागली तशी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी करण्यात आली. जन्मतः लढवय्या असण्याचा सिद्धांत गरजेपुढे किती लवकर वितळतो ते पाहा! युद्ध संपले, काटकसर सुरू झाली, आणि १९२१ मध्ये पलटण मोडली. चार वर्षे. हा आकडा आपण ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

१९ मार्च १९२७ रोजी महाडात परिषद भरली. चवदार तळ्याचा सत्याग्रह म्हणून आपण तिचा अभिमान बाळगतो. पण तिच्या मंडपात निवृत्त लष्करी माणसे होती, आणि बाबासाहेबांनी आपल्या भाषणात लष्करभरती बंद झाल्याचा विषय मुद्दाम काढला होता, हे फारसे सांगितले जात नाही. तळ्याचे पाणी आणि पलटणीतली नोकरी हे दोन प्रश्न त्यांच्या मनात निराळे नव्हते. ज्यांनी कवायत केली होती, हुकूम पाळला होता आणि दिलाही होता, तीच माणसे तळ्याकडे जाणाऱ्या रांगेत शिस्तीने चालली, यात आम्हांस योगायोग दिसत नाही. पुढे १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीचे सभासद झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावास महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. पुन्हा महायुद्ध, पुन्हा माणसांची निकड. मात्र या वेळी पलटण टिकली. १९४६ मध्ये तिला मशीनगनची रेजिमेंट करण्यात आले. ज्यांना हत्यार देण्यास १८९२ साली कांकू केली, त्यांच्या हाती पायदळातले अवजड हत्यार आले.

स्वातंत्र्यानंतरचा भाग आम्ही जरा झपाट्याने उरकतो. १९६२ च्या नोव्हेंबरात चीनपुढे माघार झाली आणि यशवंतराव चव्हाणांना मुंबईहून दिल्लीस बोलावून घेतले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला, असे आपण तेव्हापासून म्हणत आलो. म्हणावे, त्यात गैर नाही. पण यशवंतरावांनी तेथे जाऊन केले ते काम कारकुनी चिकाटीचे होते. १९६४ मध्ये संरक्षणाची पंचवार्षिक योजना झाली: सव्वाआठ लाखांचे सैन्य, डोंगरी लढाईसाठी निराळ्या डिव्हिजनी, विमानदळाच्या पंचेचाळीस तुकड्या. १९६२ च्या थंडीत जवानांपाशी पुरेसे गरम कपडे नव्हते, हे दुःख देशाला चटका लावून गेले होते. दळवटण्याच्या पत्रातला गवताचा प्रश्नच तो, फक्त उंची पंधरा हजार फूट.

आणि आता आपल्या डोळ्यांदेखत चाललेला बदल. २०१६ मध्ये लेफ्टनंट जनरल दत्तात्रय शेकटकर यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला. प्रश्न असा होता की फौजेत लढणारे हात किती आणि त्यांना पुरवठा करणारे हात किती. २०१७ मध्ये सरकारने जे निर्णय घेतले त्यांनी सुमारे सत्तावन्न हजार अधिकारी, जवान व मुलकी नोकरांच्या नेमणुका फिरवायच्या ठरल्या. आणि लष्करी दुग्धशाळा, ज्यांतली पहिली १८८९ मध्ये अलाहाबादेस निघाली होती, त्या २०२१ च्या मार्चअखेर बंद झाल्या. गोऱ्या सोजिरांना चांगले दूध मिळेना म्हणून काढलेल्या गोठ्यांना बाजारात पिशवीतले दूध मिळू लागल्यावरही कित्येक दशके कोणी हात लावला नव्हता. या काटकसरीला आमचा जीव तुटत नाही.

पण २०२२ च्या जूनमध्ये जी अग्निपथ योजना आली तिची गोष्ट निराळी आहे. साडेसतरा ते एकवीस वर्षांच्या मुलाला चार वर्षांसाठी घ्यायचे. चार वर्षांनी चारांतल्या जास्तीत जास्त एकाला पुढे ठेवायचे. उरलेल्यांनी सुमारे पावणेबारा लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी यायचे. पेन्शन नाही. सरकारची अडचण खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. २०२२-२३ च्या सुमारे सव्वापाच लाख कोटींच्या संरक्षण अंदाजपत्रकात सुमारे एक लाख वीस हजार कोटी पेन्शनचे होते. एवढा भाग गेल्यावर नव्या तोफांना काय उरणार, असा प्रश्न कोणीही अर्थमंत्री विचारील. फौज तरुण असावी हेही खरे. मात्र जावळीपासून आपण जो हिशेब पाहत आलो त्यात एक रकाना नेहमी कोरा राहतो. शिपाई परत आल्यावर त्याच्या गावाचे काय होते, हा तो रकाना. पेन्शनर सुभेदार गावात शाळेच्या कमिटीवर बसे, सरकारी अर्ज वाचून दाखवी, पोलिसापुढे ताठ उभा राही. त्याला ही किंमत पेन्शनने दिली होती. एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा बारा लाख घेऊन पोलादपूरच्या स्टँडवर उतरेल तेव्हा त्याच्यापाशी कवायत असेल, शिस्त असेल, भांडवलही असेल. त्याचे तो काय करील हे त्याच्याइतकेच त्याच्या गावावर अवलंबून राहील. १९२१ मध्ये चार वर्षांनी मोडलेल्या पलटणीतून जे परत आले, ते कोठे गेले, काय करीत राहिले, याचा माग कोणी फारसा घेतलेला नाही.

तेव्हा शेवटी एक विनंती करतो आणि आपली रजा घेतो. या तालुक्यांतल्या पुष्कळ घरांत जुन्या ट्रंका आहेत. त्यांत पेन्शनची बुके, डिस्चार्ज सर्टिफिकिटे, पलटणीच्या शाळेची प्रगतिपत्रके, मनीऑर्डरीच्या पावत्या असतील. पावसाळ्यात वाळवी लागते, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत काही तरी चुलीत जाते. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते टाकू नयेत. आणि आम्हांस पाहावयास मिळाले तर आम्ही घाट उतरून पुन्हा येऊ, जागेवरच नक्कल करून घेऊ, आणि मूळ कागद ज्याचा त्याच्या हाती परत देऊ.